झेड/ओएस असेंब्लरमध्ये रीएंट्रंट मॉड्यूल कसं लिहावं

झेड/ओएस ही आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या बाइंडरच्या (असेंबल झालेला कोड जोडून चालणारं मॉड्यूल बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पारममध्ये आरईएनटी लिहिलं की मॉड्यूलच्या डिरेक्टरी नोंदीत रीएंट्रंटचा, म्हणजे ‘एकाच वेळी अनेकांनी वापरलं तरी चालेल’ असं सांगणारा, बिट लागतो. त्यासाठी बाइंडर तुमचा कोड वाचून बघत नाही. तुम्ही सांगितलं, त्याने मानलं. पुढे सिस्टीमही त्याच बिटावर भरवसा ठेवून मेमरीतल्या एकाच प्रतीत अनेक टास्क एकाच वेळी सोडते. म्हणजे आरईएनटी हा तुम्ही सिस्टीमला दिलेला शब्द आहे. तो पाळायचा कसा आणि पाळला गेलाय की नाही हे प्रॉडक्शनच्या आधी कसं ताडून बघायचं, ते इथे मांडलंय.

आधी बिघडतं काय ते जवळून बघू. समजा, एका आतल्या सबरूटीनमध्ये शिरताना रजिस्टर १४ कोडच्याच सेक्शनमधल्या ‘परत१४’ नावाच्या शब्दात ठेवलं जातं. क हे टास्क तिथे येतं आणि आपला परतीचा पत्ता ठेवतं. तेवढ्यात डिस्पॅचर (प्रोसेसर कुणाला द्यायचा ते ठरवणारा सिस्टीमचा भाग) त्याच्याकडून प्रोसेसर काढून घेतो, किंवा शेजारच्या प्रोसेसरवर ख हे टास्क त्याच प्रतीत शिरतं. ख सुद्धा ‘परत१४’ मध्ये स्वतःचा पत्ता ठेवतं. क सबरूटीन संपवून तो शब्द उचलतं आणि ख जिथून आलं होतं तिथे जाऊन पोचतं, पण रजिस्टरं मात्र स्वतःची घेऊन. दोघंही एकाच ओळीवरून आलेले असले तर पत्ता तोच निघतो आणि कुणाला काही कळतच नाही. वेगळ्या ओळींवरून आलेले असले तर प्रोग्रॅम कोसळून डंप (मेमरीची नोंद) पडतो तो भलत्याच ठिकाणी, आणि ‘परत१४’ वर संशय यायला दिवस जातात. दहा हजार वेळा नीट चालून एकदाच पडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बहुतेक वेळा असंच काही असतं.

मॉड्यूलचे चार प्रकार लक्षात ठेवा. नॉन-रीयुजेबल मॉड्यूलची दर वेळी नवी प्रत आणली जाते. सीरियली रीयुजेबल मॉड्यूल तेच वापरता येतं, पण एकाचं काम संपल्यावर दुसऱ्याने. रीएंट्रंटमध्ये सगळे एकदमच. आणि रिफ्रेशेबल म्हणजे ज्यात कुणीच कधीच काही लिहीत नाही, त्यामुळे मध्येच नवी प्रत टाकली तरी फरक पडत नाही. व्याख्येप्रमाणे रीएंट्रंट मॉड्यूल ईएनक्यू (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावून स्वतःत बदल करू शकतं. ती सवलत घेऊच नका. असं मॉड्यूल संरक्षित मेमरीत गेलं की पहिल्याच लिखाणाला पडतं. लिहायचं ते रिफ्रेशेबल समजूनच. म्हणजे बदलणारं सगळं दर कॉलला वेगळ्या मागून घेतलेल्या मेमरीत, वर्क एरियात, ठेवायचं.

खालचा कोड देवनागरीत दिलाय. टाइप करताना रोमन मोठी अक्षरं वापरा, लेबल पहिल्या कॉलमपासून, इन्स्ट्रक्शन साधारण दहाव्यापासून आणि ऑपरंड सोळाव्यापासून. सेक्शनचं बाहेरून दिसणारं नाव आठ अक्षरांच्या आत ठेवा.

सुरुवातीचा भाग

```
नमुना    आरसेक्ट
नमुना    एएमोड ३१
नमुना    आरमोड एनी
         एसटीएम  १४,१२,१२(१३)
         एलआर   १२,१५
         युझिंग   नमुना,१२
         एलआर   ११,१
         स्टोरेज   ऑब्टेन,लेंग्थ=कामलांब
         एलआर   १०,१
         एलआर   २,१०
         एल      ३,=ए(कामलांब)
         एसआर   ४,४
         एसआर   ५,५
         एमव्हीसीएल २,४
         एसटी    १३,४(,१०)
         एसटी    १०,८(,१३)
         एलआर   १३,१०
         युझिंग   काम,१३
```

यातल्या प्रत्येक ओळीची जागा ठरलेली आहे. एसटीएम आत येतानाची रजिस्टरं कॉलरच्या (आपल्याला बोलावणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेव्ह एरियात ठेवतं. तो कॉलरचा आहे, आपल्या कोडमध्ये नाही, म्हणून चालतं. सेव्ह एरिया १८ शब्दांचा, म्हणजे ७२ बाइटचा असतो. ४ ऑफसेटला मागचा दुवा, ८ ला पुढचा, १२ ला रजिस्टर १४, १६ ला १५, आणि २० पासून रजिस्टर ० ते १२.

रजिस्टर १ लगेच ११ मध्ये हलवलंय, कारण त्यात पॅरामीटर लिस्टचा पत्ता असतो आणि स्टोरेज मॅक्रो ०, १, १४ आणि १५ ही चारही रजिस्टरं बिघडवतो. ही ओळ विसरली तर पॅरामीटर म्हणून आपण आपलाच नवा वर्क एरिया वाचत बसतो. आणखी एक गोष्ट: स्टोरेज ऑब्टेनला स्वतःची लिहिता येणारी पॅरामीटर लिस्ट लागत नाही, त्याचं सगळं रजिस्टरांतून चालतं. वर्क एरिया मिळण्याआधीच तो वापरता येतो तो यामुळेच. गेटमेन वापरायचा असेल तर आर किंवा आरयू हे रजिस्टरवाले प्रकार घ्या. लिस्ट मागणारे प्रकार इथे अडचणीत आणतात.

मिळालेली मेमरी कोरी असेलच असं धरून चालू नका. आधीच्या कुणाचातरी कचरा तिच्यात असू शकतो. एक्ससी एका वेळी जास्तीत जास्त २५६ बाइट पुसतं. त्याहून मोठ्या एरियासाठी वर दाखवल्यासारखं एमव्हीसीएल वापरा. स्रोताची लांबी शून्य ठेवली आणि रजिस्टर ५ चा वरचा बाइट शून्य असला की पूर्ण एरिया शून्याने भरतो. हे पुसणं दुवे लिहिण्याच्या आधीच व्हायला हवं. क्रम उलटला तर मागचा दुवा पुसला जातो आणि परतताना रजिस्टर १३ शून्यावर जातं.

शेवटचा भाग

```
         एल      ५,परतकोड
         एलआर   ४,१३
         एल      १३,४(,१३)
         ड्रॉप     १३
         स्टोरेज   रिलीज,लेंग्थ=कामलांब,ॲडर=(४)
         एलआर   १५,५
         एल      १४,१२(,१३)
         एलएम   ०,१२,२०(१३)
         बीआर    १४
         एलटीऑर्ग
काम      डीसेक्ट
जतन      डीएस   १८एफ
परतकोड   डीएस   एफ
दुहेरी      डीएस   डी
यादी      डीएस   २ए
ध्वज      डीएस   एक्स
कामलांब   इक्यू   *-काम
```

परतकोड वर्क एरियात असतो, म्हणून एरिया सोडण्याआधी तो रजिस्टरमध्ये घ्यायचा. थेट १५ मध्ये घेतला तर रिलीज तो पुसतं, म्हणून आधी ५ मध्ये. शेवटचं एलएम ० ते १२ एवढंच भरतं, १५ ला हात लावत नाही. ‘एलएम १४,१२,१२(१३)’ अशी सवयीची ओळ इथे टाकली तर परतकोड जातो आणि कॉलरला १५ मध्ये आपलाच एंट्री पॉइंट मिळतो. प्रत्येक वाटेने बाहेर पडताना, चूक आढळून मध्येच परतताना सुद्धा, रिलीज झालंच पाहिजे. एखादी वाट सुटली तर दर कॉलला थोडी मेमरी गळते आणि लांब चालणारा जॉब शेवटी ८७८ ने पडतो.

डीसेक्टमध्ये डीसी (सुरुवातीच्या किमतीसह जागा ठेवणारी ओळ) लिहिलं तर असेंब्लर हरकत घेत नाही, पण त्यातून एक बाइटही तयार होत नाही. डीसेक्ट हा नुसता आराखडा आहे. सुरुवातीची किंमत हवी असेल तर ती कोडमधल्या स्थिर डीसीवरून धावताना उचलून ठेवावी लागते. तसंच वर्क एरियातल्या फील्डचा पत्ता ए-कॉन्स्टंटमध्ये मिळत नाही. तो धावताना एलए इन्स्ट्रक्शनने घ्यायचा.

रजिस्टरांचे वरचे ३२ बिटही वापरत असाल तर ७२ बाइट पुरत नाहीत, १४४ बाइटचा एफ४एसए प्रकारचा एरिया घ्या. दुसरी वाट बीएकेआर १४,० ची: रजिस्टरं लिंकेज स्टॅकवर (सिस्टीमने सांभाळलेल्या स्टॅकवर) जातात, पीआरने परत येतात, आणि आपल्या सेव्ह एरियाच्या दुसऱ्या शब्दात ‘एफ१एसए’ लिहायचं.

मॅक्रो

स्वतःचा कोड स्वच्छ ठेवणारे लोकही इथे अडकतात. डब्ल्यूटीओ, ओपन, कॉल, लिंक, अटॅच यांसारखे मॅक्रो साध्या रूपात लिहिले की पॅरामीटर लिस्ट कोडच्या मधोमध पसरते, आणि त्यातले कितीतरी मॅक्रो धावताना त्याच लिस्टमध्ये लिहितात. तुम्ही एकही एसटी लिहिलेलं नसतं, तरी मॉड्यूल स्वतःला बदलत असतं. लिस्टिंगमध्ये प्रिंट जेन ठेवून विस्तार एकदा तरी डोळ्यांखालून घाला.

उपाय तीन टप्प्यांचा. एमएफ=एलने कोडमध्ये साचा ठेवायचा, तो वर्क एरियात कॉपी करायचा, आणि एमएफ=ईने वर्क एरियातल्या प्रतीवर काम करायचं.

```
         एमव्हीसी  संदेशजागा(संदेशलांब),संदेश
         डब्ल्यूटीओ एमएफ=(ई,संदेशजागा)
         ...
संदेश     डब्ल्यूटीओ ‘काम पूर्ण’,एमएफ=एल
संदेशलांब  इक्यू   *-संदेश
         ...
         डीएस    ०एफ
संदेशजागा डीएस    सीएल(संदेशलांब)
```

शेवटच्या दोन ओळी काम डीसेक्टमध्ये, कामलांबच्या आधी जातात. डीसेक्ट सोर्सच्या तळाशी ठेवायचं कारणही यात आहे: सीएल(...) मधली लांबी असेंब्लरला तिथे पोचण्याआधी माहीत असावी लागते. आणि साचा कॉपी करायला विसरू नका. एमएफ=ई सगळीच फील्ड पुन्हा भरत नाही, उरलेली साच्यातून आलेली असतात. कॉपी राहिली तर सिस्टीमला अर्धी शून्यं असलेली लिस्ट मिळते.

कॉलसाठी साचाही लागत नाही:

```
         कॉल     उपकाम,(परतकोड,ध्वज),व्हीएल,एमएफ=(ई,यादी)
```

पत्ते धावताना ‘यादी’त भरले जातात आणि शेवटच्या पत्त्याचा वरचा बिट व्हीएलमुळे लागतो. इथे एक बारीक सापळा आहे. पॅरामीटर म्हणून लिटरल (ओळीतच लिहिलेली स्थिर किंमत) देऊ नका. =एफ‘०’ हा लिटरल पूलमध्ये, म्हणजे आपल्या कोडमध्ये बसतो. बोलावलेल्या रूटीनने त्यात उत्तर लिहिलं तर आपल्याच मॉड्यूलवर घाव पडतो, आणि आपल्या लिस्टिंगमध्ये त्याची खूणही नसते.

डीसीबी

ओपन मॅक्रो डीसीबीत (फाइलचं वर्णन असलेल्या ब्लॉकमध्ये) बरंच काही भरतं, म्हणून डीसीबीही साचा म्हणूनच कोडमध्ये राहील. तो १६ एमबी रेषेच्या खाली (२४ बिटांच्या पत्त्याच्या हद्दीत) असावा लागतो. आपला वर्क एरिया ३१ बिटवाल्या कोडमुळे सहसा रेषेच्या वर मिळतो, तेव्हा डीसीबीसाठी लोक=२४ देऊन वेगळी छोटी जागा घ्या आणि तिला वेगळं बेस रजिस्टर द्या. फाइल संपल्यावर जायचा पत्ता, ईओडीएडी, डीसीबीत २४ बिटांचाच मावतो. कोड रेषेच्या वर असेल तर तो डीसीबीईमध्ये (डीसीबीच्या जोडब्लॉकमध्ये) ठेवा. डीसीबीईसुद्धा लिहिला जातो, त्यामुळे त्याचीही प्रत करायची. मग हमखास विसरलं जाणारं काम: कॉपी केलेल्या डीसीबीतला डीसीबीडीसीबीई हा पॉइंटर अजून कोडमधल्या साच्याकडेच बोट दाखवतोय, तो नव्या डीसीबीईच्या पत्त्याने बदलायचा. हे राहिलं तर आपण सगळं कॉपी करूनही ओपन थेट कोडमध्ये लिहितं. ओपनची लिस्ट रेषेच्या वर असेल तर मोड=३१ एल आणि ई दोन्ही रूपांत द्या.

जुन्या सवयी

सिस्टीम/३६० च्या १९६० च्या दशकात मेमरी किलोबाइटमध्ये मोजली जायची. तेव्हाच्या काही युक्त्या आजही चालू कोडमध्ये सापडतात. पहिल्या फेरीचा स्विच ही त्यातली सगळ्यांत ओळखीची: एनओपी लिहायचा आणि पहिल्या फेरीनंतर ओआय स्विच+१,एक्स‘एफ०’ करून त्याचा बिनशर्त ब्रँच बनवायचा. त्याजागी वर्क एरियातला ध्वज बाइट ठेवा आणि टीएमने तपासा.

लांबी बदलण्यासाठी एमव्हीसीच्या दुसऱ्या बाइटमध्ये एसटीसी करणं, ही दुसरी युक्ती. तिच्यासाठी ईएक्स इन्स्ट्रक्शन पहिल्यापासून आहे. ईएक्स रजिस्टरचा खालचा बाइट त्या दुसऱ्या बाइटशी ओआर करून इन्स्ट्रक्शन चालवतं, आणि मेमरीतली मूळ इन्स्ट्रक्शन जशीच्या तशी राहते. २००८ च्या झेड१० पासून ईएक्सआरएलही आहे, त्याला बेस रजिस्टर लागत नाही. लांबी एकने कमी करून द्यायची असते, आणि मूळ लांबी शून्य असेल तर आधीच बाजूला व्हा. शून्यातून एक वजा केल्यावर खालचा बाइट एफएफ होतो आणि २५६ बाइट हलतात.

ईडी हे आकडे सजवताना पॅटर्नवरच उत्तर लिहितं. पॅटर्न दर वेळी वर्क एरियात कॉपी करा. सीव्हीडीचा दुहेरी शब्दही तिथलाच, वरच्या डीसेक्टमधला ‘दुहेरी’ त्यासाठीच आहे.

सामायिक डेटा आणि आठवण

कोड रीएंट्रंट झाला म्हणून डेटा आपोआप सुरक्षित होत नाही. दोन टास्क एकाच टेबलमधला काउंटर वाढवत असतील तर एल, एएचआय, एसटी या क्रमात एकाची वाढ हरवू शकते. सीएस (तुलना आणि बदल एकाच अखंड पायरीत करणारी इन्स्ट्रक्शन) वापरा:

```
         एल      २,मोजणी
फेरी      एलआर   ३,२
         एएचआय  ३,१
         सीएस    २,३,मोजणी
         जेएनई    फेरी
```

मध्ये कुणी किंमत बदलली असेल तर सीएस नवी किंमत रजिस्टर २ मध्ये आणून देतं, म्हणून परत जायचं ते एलआरवर, एलवर नाही. ‘मोजणी’ पूर्ण शब्दाच्या सीमेवर नसेल तर प्रोग्रॅम ०सी६ ने पडतो. एका शब्दात न मावणाऱ्या बदलासाठी ईएनक्यू लावा.

एका कॉलची किंमत पुढच्या कॉलला हवी असेल तर? कोडमध्ये जागा नाही आणि वर्क एरिया तर परतताना सुटतो. सगळ्यांत सरळ उपाय म्हणजे कॉलरने एक शब्द द्यायचा आणि आपण त्यात आपल्या टिकाऊ एरियाचा पत्ता ठेवायचा. कॉलर बदलता येत नसेल तर नेम/टोकन सर्व्हिस आहे: १६ बाइटच्या नावाखाली १६ बाइटचं टोकन टास्कच्या किंवा ॲड्रेस स्पेसच्या पातळीवर ठेवता येतं. लाखो वेळा बोलावल्या जाणाऱ्या रूटीनमध्ये दर वेळी स्टोरेज ऑब्टेन करणं महाग पडतं, तिथेही एरिया एकदाच घेऊन असाच सांभाळा. लँग्वेज एन्व्हायर्नमेंटमध्ये (आयबीएमच्या भाषांच्या सामाईक रनटाइममध्ये) असाल तर सीईईएंट्री स्टॅकवरून जागा देतं. सीआयसीएस या ट्रान्झॅक्शन चालवणाऱ्या सिस्टीममध्ये डीएफएचईआयएसटीजी हाच तुमचा वर्क एरिया, तिथे वेगळं गेटमेन नको.

तपासणी

पहिली चाळण असेंब्लरची. सेक्शन आरसेक्ट म्हणून घोषित केला, किंवा आरईएनटी ऑप्शन दिला, की त्याच सेक्शनमध्ये उघड लिहिणाऱ्या ओळीवर एएसएमए०३६डब्ल्यू येतो. तो फक्त इशारा आहे, परतकोड ४. बऱ्याच जेसीएलमध्ये (जॉब चालवण्याच्या सूचनांमध्ये) ४ ला पुढे जाऊ देतात आणि इशारा लिस्टिंगमध्येच राहतो. रीएंट्रंट मॉड्यूलच्या असेंब्लीत ४ सुद्धा थांबवा. ‘एसटी १४,०(,३)’ मध्ये ३ कुठे बोट दाखवतंय हे मात्र असेंब्लरला कळणं शक्य नाही, त्यामुळे इशारा आला नाही याचा अर्थ कोड शुद्ध आहे असा होत नाही.

खरी चाळण मेमरी संरक्षणाची, आणि इथेच सगळ्यांत मोठी फसगत होते. आरईएनटी मॉड्यूल एपीएफ (सिस्टीमने अधिकृत मानलेल्या) लायब्ररीतून आलं तर ते सबपूल २५२ या मेमरीच्या गटात, की ० (संरक्षणाच्या कुलपाचा क्रमांक) खाली जातं. साध्या की ८ च्या प्रोग्रॅमने त्यात लिहिलं की लगेच एस०सी४, म्हणजे मेमरीच्या चुकीने पडणं. तेच मॉड्यूल साध्या लायब्ररीतून आलं तर सबपूल २५१ मध्ये, जॉबच्याच की खाली जातं आणि त्यात बिनबोभाट लिहिता येतं. टेस्ट लायब्ररी सहसा एपीएफ नसते. म्हणून टेस्टला महिनोन्‌महिने चाललेलं मॉड्यूल प्रॉडक्शनला पहिल्याच रात्री पडतं, आणि ‘कोड तर बदललाच नाही’ असा वाद सुरू होतो.

तेव्हा टेस्टच एपीएफ लायब्ररीतून करा. स्टेपलिबच्या (जॉबने दिलेल्या लायब्ररींच्या) रांगेत एक जरी लायब्ररी एपीएफ नसली तर सगळी रांग तो अधिकार गमावते, हे बघून घ्या. अशी लायब्ररी मिळत नसेल तर टेस्ट सिस्टीमच्या डायग मेंबरमध्ये (निदानाच्या सेटिंगमध्ये) सीएसव्हीरेंटएसपी२५२ हा ट्रॅप लावायला सिस्टीम प्रोग्रॅमरला सांगा, मग लायब्ररी कोणतीही असो, आरईएनटी मॉड्यूल सबपूल २५२ मध्येच जातं. तुमचा कोड की ० मध्ये धावत असेल तर एवढ्याने भागत नाही, कारण तो तिथेही लिहू शकतो. त्यासाठी सीएसव्हीरेंटप्रोटेक्ट आहे, तो पानंच लिहिण्याला बंद करतो. पीएलपीए (सगळ्यांनी मिळून वापरायच्या कोडची जागा) मध्येही असंच पानांचं संरक्षण असतं. सीआयसीएसवर आरईएनटीपीजीएम=प्रोटेक्ट असल्याची खात्री करा, म्हणजे चूक एएसआरए या ॲबेंड कोडने पुढे येईल.

एस०सी४ आलाच तर रीझन कोड बघा. ४ असेल तर संरक्षणाचा भंग, १० किंवा ११ असेल तर पत्ताच चुकीचा, तो वेगळा शोध. संरक्षणाच्या भंगात पीएसडब्ल्यूमधला (प्रोसेसरच्या त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदीतला) पत्ता चुकलेल्या इन्स्ट्रक्शनच्या पुढचा असतो. त्यातून इन्स्ट्रक्शनची लांबी वजा करा, मग मॉड्यूलचा लोड पॉइंट वजा करा, आणि उरलेला ऑफसेट लिस्टिंगमध्ये शोधा. ऑफसेट तुमच्या मॉड्यूलमध्ये बसत नसेल तर लिहिणारं दुसरंच कुणी आहे, बहुतेक एखादी सिस्टीम सर्व्हिस, जिला तुम्ही कोडमधली लिस्ट दिलीत. अशा वेळी ट्रान्सलेशन एक्सेप्शन ॲड्रेसमधून (ज्या पत्त्यावर चूक झाली त्याच्या नोंदीतून) पान ओळखा. ते पान मॉड्यूलच्या हद्दीत असेल, तर त्या पानावर पडणारे डीसीबी, डीसीबीई, एमएफ=एलचे साचे आणि लिटरल एकेक करून तपासा, आणि प्रत्येकाचा पत्ता धावताना कुणाकुणाला दिला जातोय ते क्रॉस रेफरन्समधून काढा.